जुन्या जग्वारला टायर कोणता?

मार्च १९६१मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात इंग्लंडच्या जग्वार कंपनीने ‘ई-टाइप’ नावाची स्पोर्ट्स कार मांडली. लांबलचक नाक, तारेच्या आऱ्यांची चाके, ३.८ लिटरचे सहा सिलिंडरांचे एंजिन आणि ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वेगाचा दावा. ब्रिटिश मोटार-नियतकालिकांनी चाचणी घेतली तेव्हा आकडा जवळजवळ तेवढाच आला. त्यात एक मेख होती. चाचणीसाठी दिलेल्या गाड्या कारखान्यात खास तयार केलेल्या होत्या आणि त्यांच्यावर डनलॉपचे शर्यतीचे टायर चढवलेले होते. हे टायर व्यासाने थोडे मोठे होते, त्यामुळे एंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापत होती. गिऱ्हाइकाच्या हाती पडणाऱ्या गाडीवर मात्र डनलॉपचेच ‘आरएस-५’ हे रोजच्या वापराचे टायर असत.

ई-टाइपचे उत्पादन १९७४च्या सुमारास थांबले. आज जगभरचे हौशी मालक या गाड्या जिवापाड जपतात. एंजिन उघडून नवे करता येते, पत्रा ठोकून सरळ करता येतो, आसनांचे कातडे पुन्हा शिवता येते. टायर तेवढा जपून ठेवता येत नाही. तो नवाच घ्यावा लागतो आणि मग प्रश्न येतो, कोणता? १९६१सारखा तिरप्या धाग्यांचा? पुढे काही वर्षांनी आला तसा रेडियल? की आजच्या मोटारींना असतो तसा रुंद, बुटका टायर? हौशी मंडळींमध्ये यावर कडाक्याचे वाद होतात. आपल्याला त्या वादात रस आहे तो वेगळ्या कारणाने. उत्तर शोधताना रबराच्या विज्ञानातला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास समोर येतो आणि त्यातला बराच भाग आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर मांडता येण्याजोगा आहे.

प्रथम एक साधे गणित करू. ई-टाइपचे वजन माणसासकट सुमारे १२५० किलो धरा. प्रत्येक चाकावर साधारण ३१० किलो भार येतो. टायरमध्ये हवा ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. टायरची भिंत थोडा भार उचलते तो सोडून देऊ. भाराला दाबाने भागले की रस्त्याला टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ मिळते, सुमारे १५० चौरस सेंटिमीटर. हे मोठ्या माणसाच्या तळहाताएवढे झाले. म्हणजे ताशी २४० किलोमीटरने धावणारी गाडी चार तळहातांवर टेकलेली असते.

या गणितात टायरची रुंदी कोठे आली? आलीच नाही! हवेचा दाब तोच ठेवून रुंद टायर चढवला तर टेकलेला भाग आकाराने बदलतो, लांबट होता तो आडवा होतो. क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. ‘रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर’ हे मोटारवाल्यांचे आवडते वाक्य निदान अर्धे तरी चूक आहे. आडव्या पट्ट्याचे काही फायदे आहेत, वळणावर तो चालकाच्या हाताला चटकन प्रतिसाद देतो. पण त्याची किंमत कोठे मोजावी लागते ते पुढे पाहू.

आता थोडा इतिहास. रॉबर्ट थॉमसनने हवेच्या टायरचे पेटंट १८४५ साली घेतले आणि ते विसरले गेले. १८८८मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने तीच कल्पना सायकलीसाठी नव्याने शोधली. गुडइयरच्या व्हल्कनीकरणामुळे रबर टिकाऊ झाले होतेच, पुढे त्यात काजळी मिसळू लागले तेव्हा ते झिजेला तोंड देऊ लागले आणि टायर काळे झाले. हे सारे बहुतेकांनी कोठे ना कोठे वाचलेले असते. त्या मानाने टायरच्या आतल्या धाग्यांची हकिगत कोणी सांगत नाही, आणि आपल्या प्रश्नात खरी गोम तेथेच आहे.

टायरमधली हवा रबर धरून ठेवत नाही, रबराच्या आतले धागे धरून ठेवतात. पूर्वीच्या टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे घातलेले असत. एक थर डावीकडे कललेला, त्यावरचा उजवीकडे कललेला. याला क्रॉसप्लाय म्हणतात. सांगाडा मजबूत होतो, पण चाकाच्या प्रत्येक फेरीत टायर रस्त्यापाशी चेपतो तेव्हा हे थर एकमेकांवर कात्रीच्या पात्यांसारखे हलतात आणि मधले रबर पिळवटले जाऊन तापते. ई-टाइपच्या चाकाचा परीघ सुमारे २.१५ मीटर. ताशी २४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६७ मीटर, म्हणजेच सेकंदाला ३१ फेऱ्या. टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला ३१ वेळा चेपतो आणि सुटतो. शिवाय वर्तुळाकार गतीचे त्वरण काढून पाहा. ते गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १३०० पट येते. टायरच्या पृष्ठावरचा १० ग्रॅमचा तुकडा १३ किलो वजनाच्या ताकदीने बाहेर उडू पाहत असतो. त्यात रबर तापून मऊ पडले तर काय होईल हे सांगायला नको. टायरवर वेगाची मर्यादा लिहिण्याची गरज यातूनच निर्माण झाली. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर, ‘एच’ म्हणजे २१०, आणि ‘व्ही’ म्हणजे त्या काळी २१०च्या वर.

या उष्णतेचा माग काढताना रेडियल टायर जन्माला आला. फ्रान्समध्ये मिशेलँ कंपनीत मारियुस मिन्योल नावाचा गृहस्थ होता. तो कंपनीत आला होता छापखान्याच्या कामावर. उष्णता नेमकी कोठे तयार होते हे पाहण्यासाठी त्याने एक विचित्र टायर बनवला. बाजूच्या भिंतींतले तिरपे थर काढून टाकले आणि त्या जागी विरळ अंतरावर पोलादी तारा आडव्या लावल्या. तो टायर इतका जाळीदार दिसे की लोक त्याला ‘माश्यांचा पिंजरा’ म्हणू लागले. पण पिंजरा थंड राहिला! तारा एकमेकींना छेदतच नव्हत्या, मग घासणार कोठून? याच कल्पनेवर कंपनीने १९४६मध्ये पेटंट घेतले आणि १९४९मध्ये ‘मिशेलँ एक्स’ बाजारात आला. यात सांगाड्याचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली परिघाभोवती पोलादी पट्टा असतो. भिंत लवचीक, पृष्ठभाग ताठ. धागे असे सरळ घालण्याची कल्पना इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्याही आधी पेटंट झाली होती, पण तेव्हा तिचे पुढे काही झाले नाही. १९५०च्या दशकात इटलीच्या पिरेलीने पोलादाऐवजी कापडी पट्टा घालून ‘चिंतुरातो’ काढला.

मग १९६१मध्ये, म्हणजे रेडियल बाजारात येऊन बारा वर्षे झाल्यावर, जग्वारने क्रॉसप्लाय का पत्करला? याला मागासलेपण म्हणणे अन्यायाचे होईल. चाक वळवले की टायर लगेच त्या दिशेने जात नाही; टेकलेला भाग पिळवटतो आणि चाकाची दिशा व गाडीच्या प्रवासाची दिशा यांत काही अंशांचा कोन पडतो. याला ‘स्लिप अँगल’ म्हणतात. क्रॉसप्लायमध्ये हा कोन मोठा असतो आणि पकड सुटायची तर हळूहळू सुटते. चालकाला आधी सूचना मिळते. रेडियलमध्ये कोन लहान आणि पकड जास्त. पण त्या काळचे रेडियल मर्यादा ओलांडली की एकदम सुटतात आणि कमी वेगात खडखडतात अशी तक्रार होती. गाडीच्या स्प्रिंगा, धक्काशोषक, स्टिअरिंग, सारे काही विशिष्ट टायर गृहीत धरून जुळवलेले असते. टायर हा गाडीचा सुटा भाग नाही, तो तिच्या स्प्रिंगांच्या व्यवस्थेचाच एक हिस्सा आहे. म्हणूनच पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय अशी जोडी ब्रिटनमध्ये कायद्याने निषिद्ध आहे. पुढची चाके रस्ता धरतात, मागची सोडतात, आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

आता आपण या कथेच्या सर्वांत रसाळ भागाकडे येतो.

पाठ्यपुस्तकातला नियम असा, की घर्षण भारावर अवलंबून असते, क्षेत्रफळावर नाही. धातू, लाकूड, दगड यांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. रबराला पडत नाही. रबरावर दाब वाढला की घर्षणांक कमी होतो. रबर खडबडीत पृष्ठावर घट्ट चिकटतेही आणि त्याच्या उंचवट्यांवरून जाताना दबतेही. रस्ता कोरडा असताना चिकटण्याचा वाटा मोठा असतो. पावसात खडी आणि रबर यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो आणि चिकटणे जवळजवळ संपते. मग ओल्या रस्त्यावर टायर धरतो तरी कशाच्या जोरावर?

याचे उत्तर केंब्रिजमध्ये डेव्हिड टेबर यांच्या प्रयोगांतून मिळाले. १९५०च्या दशकात ते एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होते. पोलादी गोळी रबरावरून गडगडत जाते तेव्हा तिची ऊर्जा कोठे जाते? रबरावर वंगण लावून पाहिले तरी गोळीला होणारा विरोध फारसा घटला नाही. म्हणजे तो पृष्ठावरच्या घासण्यातून येत नव्हता. गोळीसमोरचे रबर दबते, मागचे पुन्हा वर येते, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत करत नाही. काही भाग उष्णता होऊन जातो. याला शैथिल्य म्हणतात; चुंबकत्वाच्या धड्यात हा शब्द शिक्षकांच्या ओळखीचा आहे. मग टेबर आणि त्यांचे सहकारी ग्रीनवुड यांनी वंगण लावलेल्या रबरावर कठीण गोळी न गडगडवता नुसती सरकवली. विरोध तेथेही शैथिल्यातूनच येत होता. आता गोळीच्या जागी रस्त्यातली खडी ठेवा, आणि वंगणाच्या जागी पावसाचे पाणी. ऊर्जा ‘खाणारे’ रबर ओल्या रस्त्यावर जास्त धरेल, असा निष्कर्ष निघतो. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील जाइल्स व सेबी यांनी ओल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या रबरांच्या चाचण्या घेतल्या आणि १९५८मध्ये टेबर यांच्याबरोबर निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंदाज बरोबर होता.

यातली उलथापालथ लक्षात घेण्यासारखी आहे. तोवर टायरचे रसायनतज्ज्ञ उसळी मारणाऱ्या, कमी ऊर्जा खाणाऱ्या रबराच्या शोधात असत, कारण खाल्लेली ऊर्जा म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे फाटलेला टायर. युद्धकाळात मलायातले नैसर्गिक रबर जपानच्या ताब्यात गेले तेव्हा अमेरिकेने स्टायरीन आणि ब्यूटाडाइन यांपासून कृत्रिम रबर प्रचंड प्रमाणात बनवले. ते नैसर्गिक रबरापेक्षा जास्त ऊर्जा खाते आणि लवकर तापते, हा त्याचा दोष मानला जाई. आता मोटारीच्या टायरच्या पृष्ठापुरता तोच गुण ठरला. रेडियलशी याचा संबंध सरळ आहे. सांगाडा थंड राहू लागल्यावर पृष्ठासाठी ऊर्जा खाणारे रबर वापरायला मोकळीक मिळाली. दोन स्वतंत्र वाटांनी आलेली संशोधने एकाच चाकावर भेटली.

वर्गात हे दाखवायला फार काही लागत नाही. एक भरीव रबरी चेंडू ठराविक उंचीवरून टाका आणि उसळी मोजा. मग तो तासभर बर्फात ठेवून पुन्हा टाका. उसळी कमी होते, म्हणजे शैथिल्य वाढते. तापमान घटवणे आणि दबण्याचा वेग वाढवणे यांचा रबरावर सारखाच परिणाम होतो हे ग्रॉश यांनी १९६३मध्ये घर्षणाच्या बाबतीत दाखवून दिले. पुढच्या पिढीच्या टायरची किल्ली येथेच आहे. चाक फिरताना रबर सेकंदाला दहा-वीस वेळा दबते. ब्रेक लागून रबर खडीवरून सरकते तेव्हा ते सेकंदाला हजारो वेळा दबते. कमी वारंवारतेला ऊर्जा न खाणारे आणि जास्त वारंवारतेला खाणारे रबर बनवता आले, तर इंधनही वाचेल आणि पकडही राहील. काजळीऐवजी सिलिका मिसळून १९९०च्या दशकात मिशेलँने असे टायर बाजारात आणले.

पावसाचा दुसरा धोका रबराच्या जातीवर अवलंबून नाही. पाणी साचलेले असेल आणि वेग पुरेसा असेल, तर टायरला पाणी बाजूला सारायला वेळच मिळत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या लँगली केंद्रात हॉर्न आणि ड्रेहर यांनी विमानांच्या चाकांवर याचा अभ्यास केला. १९६३मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे सूत्र सोपे आहे. हवेच्या दाबाचे, पौंडांत, वर्गमूळ काढा आणि १६.७ने गुणा, तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. २५ पौंडांना सुमारे ८३, ३६ पौंडांना १००. नक्षी झिजलेल्या टायरसाठी आणि पुरेसे खोल पाणी असताना हे खरे ठरते. खोल खाचांमधून पाणी निघून जात असेल तर मर्यादा वर सरकते. आणि येथे रुंद टायरचे बिल येते. आडव्या पट्ट्यासमोर जास्त पाणी येते आणि ते बाजूला जायला लांबचा रस्ता असतो. हलक्या, जुन्या स्पोर्ट्स कारवर पावसात रुंद टायर हा शोभेपायी ओढवून घेतलेला धोका आहे असे आमचे मत आहे.

१९६०च्या दशकाच्या मध्यापासून ई-टाइपवर डनलॉपचे एसपी-४१ हे रेडियल येऊ लागले, रुंदी १८५ मिलिमीटर. अशा जुन्या मापात उंचीचा आकडा नसतो. तो रुंदीच्या सुमारे ८२ टक्के धरायचा. म्हणजे १५ इंची रिमवर व्यास सुमारे ६८५ मिलिमीटर. आता त्याच रिमवर आजच्या पद्धतीचा, २०५ मिलिमीटर रुंद आणि ६० टक्के उंचीचा टायर चढवू. व्यास ६२७ भरतो. गाडी जवळजवळ तीन सेंटिमीटर खाली बसते. वेगदर्शक १०० दाखवतो तेव्हा खरा वेग ९१-९२ असतो आणि त्याच वेगाला एंजिनाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. ई-टाइपची मूळ रिम पाच इंच रुंद, स्टिअरिंगला शक्तीची मदत नाही. वळवताना हात भरून येतात. जग्वारला स्वतःला हे ठाऊक होते. १९७१मध्ये बारा सिलिंडरांचे एंजिन आले तेव्हा कंपनीने टायर रुंद केले, पण त्याबरोबर रिमही रुंद केली आणि स्टिअरिंगला मदत दिली. नुसते टायर बदलले नाहीत.

जुन्या मापांच्या, जुन्या नक्षीच्या टायरना आता वेगळी बाजारपेठ आहे. मिशेलँ आणि पिरेली या कंपन्या एक्सएएस, एक्सडब्ल्यूएक्स, चिंतुरातो असे आपले जुने टायर पुन्हा बनवतात. पिरेलीच्या बाबतीत बाहेरून रूप जुने आणि रबराचे मिश्रण आजचे असते. आमच्यापुढे निवड आली तर पाच इंची रिमच्या ई-टाइपला आम्ही असाच १८५चा, ‘व्ही’ दर्जाचा रेडियल निवडू, आणि तारेच्या चाकांत ट्यूब घालू, कारण आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटते. संग्रहालयात उभ्या करायच्या गाडीला क्रॉसप्लाय शोभेल. तो घालून चालवणाऱ्याने मात्र त्याची पकड १९६१चीच आहे हे जाणून चालवावे.

एक गोष्ट हौशी मालकांच्या हमखास नजरेआड होते. जुनी गाडी वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालते. वीस वर्षांनी पाहिले तरी नक्षी नव्यासारखी! पण रबर झिजत नसले तरी म्हातारे होत असते. हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते कडक होते. ओझोनमुळे ताणलेल्या जागी बारीक भेगा पडतात. भेगांपासून वाचवण्यासाठी रबरात मेण मिसळलेले असते, ते टायर चेपत-सुटत राहिला की पृष्ठावर येत राहते. उभ्या गाडीच्या टायरला हे संरक्षणही पुरते मिळत नाही. सप्टेंबर २०१२मध्ये इंग्लंडमध्ये एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटून तिघांचा मृत्यू झाला. टायरची नक्षी शिल्लक होती, पण वय १९ वर्षांहून अधिक होते. ब्रिटनने फेब्रुवारी २०२१पासून बस व ट्रक यांच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुन्या टायरना बंदी केली. मोटारींना ती लागू नाही. नोव्हेंबर २०१३मध्ये नट पॉल वॉकर ज्या पोर्शे गाडीत मरण पावला तिचे टायर नऊ वर्षांचे होते; चौकशीत मुख्य दोष अतिवेगाला दिला गेला, तरी जुन्या टायरांचीही नोंद झाली.

टायरचे वय त्याच्या भिंतीवर छापलेले असते. लंबगोलात चार अंक दिसतील. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २०००च्या आधीचा आहे. विद्यार्थ्यांना शाळेच्या आवारातल्या गाड्यांवर हे अंक शोधायला लावता येतील, आणि मापेही. जुन्या चेतक स्कूटरवर ३.५०-१० असे लिहिलेले असे, अँबॅसिडरवर ५.९०-१५, मधली आडवी रेघ म्हणजे क्रॉसप्लाय. मोटारीच्या आजच्या टायरवर त्या जागी रेडियलचे अक्षर असते.

ई-टाइपच्या मागच्या फळीखाली एक पाचवे चाकही असते. आपण त्याला स्टेपनी म्हणतो. वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४च्या सुमारास जादा चाके विकणारी कंपनी निघाली, तिचे नाव भारतात शब्द म्हणून उरले. मालक चारही टायर नवे घालतो आणि स्टेपनी तशीच राहते. अंक पाहायचे असतील तर पहिले तिचे पाहावेत.